येयचा फोटो

‘थॉत रूप बान ते?’ कंबोडियाच्या ख्मेर भाषेतलं एवढं एकच वाक्य मी न अडखळता बोलते. थॉत म्हणजे काढणं, रूप म्हणजे आपलंच रूप, आणि बान ते म्हणजे चालेल ना. ‘रूप काढलं तर चालेल ना?’ समोर बाई असेल तर ती ‘चाऽ’ म्हणते, पुरुष असेल तर ‘बात’. नको असेल तर काही न बोलता हसून हात हलवतात. मग कॅमेरा खाली घ्यायचा आणि हात जोडून पुढे व्हायचं.

पहिल्या खेपेला, २०१७ साली, मी असे शब्द एका वहीत उतरवून घेत होते. चेहऱ्याला मुक म्हणतात, मुखातला ख जरा गिळून. शाळेला साला. वेळेला पेल. पुण्य करण्याला ‘थ्व बोन’, त्यातलं बोन म्हणजे पुण्य. महिने विचारले तर ओळीने आले: चेत, पिसाक, चेस, आसाथ, स्राप, फोत्रोबोत. फोत्रोबोत म्हणजे भाद्रपद हे मात्र मला सांगावं लागलं, आणि त्याच महिन्यामुळे मी सहा वर्षांनी पुन्हा तिथे गेले.

पण आधी बाबांच्या स्टुडिओबद्दल लिहायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडासमोर, बाबांचा स्टुडिओ होता. आत काळा पडदा, एक निळसर रंगवलेली भिंत, दोन दिवे आणि एक लाकडी स्टूल. पासपोर्ट फोटो, शाळेच्या दाखल्याचे फोटो, लग्नं, बारशी. आणि वर्षाकाठी बरीच कामं अशी, की माणूस गेलेला आहे, तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा आहे आणि घरात एकटा असा एकही फोटो नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो यायचा. त्यातून बाबा एक डोकं उचलायचे, मोठं करायचे, शेजारच्या माणसाचा खांदा पुसायचे, पेन्सिलीने भुवया जागेवर आणायचे. दहा बाय बारा, माउंट करून. न्यायला आलेली माणसं तो फोटो हातात घेऊन काही वेळ नुसती उभी राहायची. बाबा तेव्हा पैशांचं बोलायचे नाहीत, आत जाऊन काहीतरी आवरत बसायचे.

काही म्हातारी माणसं मात्र स्वतःच्या पायांनी यायची. ‘मागं लावायला एक चांगला काढून ठेवा,’ म्हणायची. बाबा त्यांना स्टुलावर बसवायचे, पदर नीट करायला सांगायचे, दोन बोटांनी हनुवटी किंचित खाली करायचे. ‘हं, आता इकडं बघा. श्वास धरा. हलू नका.’ मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत रिफ्लेक्टर धरायला माझीच नेमणूक असायची. समोरून, सरळ, डोळे लेन्समध्ये. फोटो काढणं म्हणजे माझ्या लेखी तेच होतं.

राजधानी नॉम पेन्हला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तुओल स्लेंगला गेले. ही एक शाळा होती. तीन मजली इमारती, मध्ये आवार, आवारात चाफा. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे तिथले कम्युनिस्ट बंडखोर, नॉम पेन्हमध्ये शिरले, अख्खं शहर रिकामं केलं, आणि पुढे या शाळेचा तुरुंग झाला. त्याचं नाव एस-२१. वर्गांत विटांच्या कोठड्या बांधल्या. कैद्यांनी वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून गॅलऱ्यांना काटेरी तार ठोकली. ७ जानेवारी १९७९ ला राजवट पडली तेव्हा इथून जिवंत सुटलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. तुरुंगाचा प्रमुख दुइक याच्यावरच्या खटल्यात न्यायालयाने २०१० मध्ये किमान १२,२७२ बळी नोंदवले.

आणल्या-आणल्या प्रत्येकाचा फोटो काढत. डोळ्यांवरची पट्टी सोडायची, छातीवर नंबर लावायचा, फोटो काढायचा. मुख्य फोटोग्राफर न्येम एन हा ख्मेर रूजनी चीनला पाठवून शिकवून आणलेला कोवळा पोरगा होता. ते फोटो आता वर्गांच्या भिंतींवर ओळीने लावलेले आहेत. म्हातारे आहेत, शाळकरी मुलं आहेत, मांडीवर तान्हं घेतलेली आई आहे.

आणि एका खोलीत ती खुर्ची आहे. साधी लाकडी खुर्ची, पाठीमागून वर आलेला दांडा, डोकं हलू नये म्हणून. मी तिच्यासमोर थांबले ते बराच वेळ. खुर्चीपासून कॅमेरा किती लांब असेल ते मला न मोजता कळत होतं. दिवा कुठल्या बाजूला होता तेही भिंतीवरच्या चेहऱ्यांच्या सावल्यांवरून दिसत होतं. हनुवटी कुणीतरी नीट केलेली होती. काम चोख होतं. समोरून, सरळ, डोळे लेन्समध्ये. बाबांच्या हाताखाली मी जे शिकले तेच सगळं तिथे होतं, आणि त्या खुर्चीवरून उठलेलं जवळजवळ कुणीही घरी गेलं नव्हतं.

मी आवारात येऊन चाफ्याखालच्या बाकावर बसले. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढलाच नव्हता.

मला तिथे कळलेली आणखी एक गोष्ट सांगते, ती माझ्या मनातून अजून जात नाही. संग्रहालय सुरू झालं तेव्हा लांबलांबून ख्मेर माणसं यायची ती इतिहास बघायला नव्हे. या भिंतींवर आपलं माणूस आहे का, ते शोधायला यायची. काहींना सापडलं. म्हणजे मारणाऱ्यांनी काढलेला फोटो हाच त्या घरातला उरलेला फोटो. घरचे फोटो बहुतेकांनी आधीच गमावले होते. शहर सोडताना टाकले, परसात पुरले, नाहीतर स्वतःच जाळले. कारण चश्मा, कोट, गणवेश, पदवीची टोपी यांतलं काहीही फोटोत दिसलं तर जिवावर बेतायचं. म्हणून २०२१ मध्ये परदेशातल्या एका माणसाने या कैद्यांचे फोटो रंगवून काहींच्या चेहऱ्यांवर संगणकाने हसू चिकटवलं, तेव्हा कंबोडियात जो संताप झाला तो मला पूर्ण समजला. मीसुद्धा रिटचिंगच्या घरातली आहे. भुवई जागेवर आणणं वेगळं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हसायला लावणं हा अपराध आहे, आणि तो कलेच्या नावाखाली झाला म्हणून त्याचं काही कमी होत नाही.

चोएंग एक या ठिकाणीही गेले. एस-२१ मधल्या कैद्यांना मारायला रात्री ट्रकने तिथे नेत. आता तिथे काचेच्या भिंतींचा उंच स्तूप आहे, आत थरावर थर कवट्या. पावसाळ्यात जमीन धुपली की अजूनही कापडाच्या चिंध्या, दात वर येतात. पायवाटेवर एक निळी चिंधी मी पाहिली. त्यावर जास्त लिहीत नाही.

त्या खेपेला उरलेले दोन आठवडे मी कुणाचाही समोरून चेहरा काढला नाही. ठरवून नाही, हात वर जाईना. सकाळी नदीकाठी नुम बान्चोक विकणाऱ्या बाया खांद्यावर कावड घेऊन येतात. एका टोपलीत तांदळाच्या पांढऱ्या शेवयांच्या गुंडाळ्या, दुसरीत हिरवट पिवळा माशाचा रस्सा, गवती चहा आणि हळद वाटून केलेला. त्यांचे मी हात काढले, कावडीचा वाकलेला बांबू काढला, बसताना सावरलेला क्रामा काढला. क्रामा म्हणजे चौकटीचा सुती पंचा. डोक्याला, कमरेला, बाळाच्या झोळीला, बाजारहाट बांधून आणायला, सगळ्याला तोच. ख्मेर रूजनीही सगळ्यांच्या गळ्यात तोच घालायला लावला होता, आणि तरी लोकांनी तो टाकून दिला नाही, याचं मला फार वाटतं.

पहाटे भिक्खू अनवाणी रांगेने येतात, दुकानाच्या दारात बायका चपला काढून गुडघ्यांवर बसतात, पात्रात भात घालतात, भिक्खू पुटपुटत पाठ म्हणतात आणि दोन मिनिटांत पुढे जातात. या रांगेचे फोटो सगळेच काढतात आणि भगव्या रंगामुळे ते सुंदर येतात. मी रांग गेल्यावर थांबून राहायचे. भात घालून झालेली बाई उठते, गुडघे झटकते, रिकाम्या पातेल्याकडे बघते आणि दुकानाचं शटर वर ढकलते. माझ्या मते बघण्यासारखं तेव्हा असतं.

गावांच्या वेशीवर न्याक ताचं ठाणं असतं. न्याक ता म्हणजे जागेचा राखणदार. कुठे मूर्ती, कुठे नुसता दगड, कुठे वारूळ. समोर केळी, उदबत्त्या, कधी पेटवून ठेवलेली सिगारेट. आपल्या म्हसोबाला ज्याने नमस्कार केला आहे त्याला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. अंगकोर वाटच्या पश्चिम दारात आठ हातांचा विष्णू उभा आहे, बाराव्या शतकातल्या सूर्यवर्मन दुसऱ्याच्या त्या देवळातला. लोक त्याला ता रीच म्हणतात, पिवळं रेशीम नेसवतात, नवस बोलतात. देऊळ विष्णूचं, पुढे बुद्धाचं झालं, आणि दारातला हा आजोबा दोन्ही काळांत आपल्या जागी राहिला. अंगकोरमधल्याच बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर तर जयवर्मन सातव्याच्या लढायांच्या खाली शिल्पकारांनी आपल्या डोळ्यांसमोरचं गाव कोरलं आहे: मासळीबाजार, कोंबड्यांची झुंज, बाळंतीण, उवा काढून घेत बसलेलं माणूस. राजाच्या मिरवणुकीपेक्षा मी त्या उवांपुढे जास्त वेळ घालवला.

ख्मेर फोटोग्राफर स्वतः हे काम कसं करतात तेही मी त्यानंतर शोधून पाहिलं. वांडी रत्ताना याने २००९ मध्ये अमेरिकन बॉम्बनी पडलेल्या खड्ड्यांचे फोटो काढले. आता ती गवताने वेढलेली शांत तळी आहेत. किम हाक हा १९८१ मध्ये बात्तंबांगला जन्मलेला; त्याने त्या चार वर्षांतून लोकांनी जपून बाहेर काढलेल्या वस्तूंचे फोटो काढले. दोघांच्याही या कामांत मृत माणूस कुठे दाखवलेला नाही. मला हे बघून धीर आला, आणि चेहरे टाळण्याला एक सबबही मिळाली.

ती सबब एका म्हातारीने काढून घेतली.

नॉम पेन्हमध्ये माझी सगळी ने-आण एक रिक्षावाले करायचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. मी त्यांना बाँग म्हणते, म्हणजे थोरला भाऊ किंवा बहीण. ते मला ओउन. इंग्रजी चांगलं बोलतात. त्यांच्याशी फोनवर संपर्क राहिला होता. २०२१ मध्ये बाबा गेले ते त्यांना कळवलं, तेव्हा त्यांनी लिहिलं की प्चुम बेनला ये, तुझ्या बाबांनाही जेवायला घालू.

प्चुम बेन म्हणजे ख्मेरांचा पितृपक्ष, ही तुलना माझी नाही. फोत्रोबोतच्या वद्य पक्षाचेच ते पंधरा दिवस, आणि ‘बेन’ हा शब्द म्हणजे आपला पिंड. प्चुम म्हणजे एकत्र येणं. त्यांच्याही पंचांगात अधिक महिना असतो. फक्त तो नेहमी आषाढाचाच येतो. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होऊन गेल्यामुळे सर्वपित्री १४ ऑक्टोबरला होती. त्यांचा प्चुम बेनचा मुख्य दिवसही १४ ऑक्टोबरच. माझा भाऊ वाईला घाटावर बाबांचं करणार होता. मी ताकेओ प्रांतात बाँगच्या मावशीच्या घरी होते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी नॉम पेन्ह रिकामं होतं. कपड्यांच्या कारखान्यांतल्या मुली व्हॅनमध्ये दाटीवाटीने, टपावर बोचकी आणि मोटरसायकली बांधून गावी निघतात. आम्ही राष्ट्रीय रस्ता क्रमांक दोनने दक्षिणेला गेलो. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं आणि त्यांत एकेकटी उभी ताडाची झाडं. घरी पोचलो तेव्हा बायका नुम आन्सॉम बांधत होत्या: केळीच्या पानात चिकट तांदूळ, मुगाची डाळ, डुकराचं मांस, वर घट्ट दोरा, मग रात्रभर उकडायचं. मला पानं पुसायला बसवलं.

बाँगची मावशी पंचाहत्तरीची. सगळी पोरं तिला येय म्हणतात, म्हणजे आजी. मीही येयच म्हणू लागले. डोकं भादरलेलं, अंगात पांढरी ओढणी आणि काळं सारोंग, तोंडात विडा. ती मला कोन म्हणायची. कोन म्हणजे लेकरू.

१३ तारखेला पहाटे साडेतीनला तिने मला उठवलं. तिळाचा चिकट भात करून त्याचे लिंबाएवढे गोळे वळले होते. आम्ही चिखलातून विहाराकडे गेलो. या दिवसांत यमाचे दरवाजे उघडतात आणि प्रेत (ते ‘प्रेत’च म्हणतात) आपल्या माणसांना शोधत सात विहार फिरतात. नातलगांनी काही ठेवलेलं दिसलं नाही तर शाप देतात. त्यांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, आणि ज्यांच्या माथी पाप जास्त त्यांना उजेड सोसत नाही. म्हणून हे सगळं उजाडायच्या आत. लोक मेणबत्ती, उदबत्ती घेऊन विहाराला तीन फेऱ्या घालतात आणि अंधारात भाताचे गोळे टाकत जातात. काही विहारांत आता भात जमिनीवर टाकू देत नाहीत, ताटात ठेवायला सांगतात. इथे अजून टाकतात.

फ्लॅश लावायचा प्रश्नच नव्हता. उजेडाला भिणाऱ्यांसाठी हे सगळे अंधारात आले होते. आयएसओ ६४००, एफ १.८, पंधरांश सेकंद, आणि श्वास धरून उभं राहायचं. बरेचसे फोटो हलले. एक चांगला आला आहे: फक्त एका बाईचा हात, मेणबत्तीने कडेने उजळलेला, आणि बोटांतून नुकताच सुटलेला गोळा. मग येयने माझा कॅमेरा सरळ गळ्यावरून मागे पाठीवर सरकवला आणि माझ्या तळहातावर दोन गोळे ठेवले. ‘तुझ्या बापाला,’ बाँगनी सांगितलं, ‘आणि दुसरा ज्यांचं कुणी नाही त्यांना.’ तिथले साडेचार म्हणजे वाईला रात्रीचे तीन. आमच्याकडे बाबांचं मी कधी काही केलेलं नव्हतं. ते भावाचं काम. मी दोन्ही गोळे टाकले.

उजाडल्यावर विहारात याद्या वाचल्या जातात. प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून देतं. पांढऱ्या कपड्यातले आचार (आपला आचार्य शब्द) ती कर्ण्यावर वाचतात, भिक्खू पाठ म्हणतात, नंतर याद्या जाळतात. हा विहार त्या वर्षांत धान्याचं कोठार होता. भिक्खूंना चीवर उतरवायला लावून शेतात जुंपलं होतं. पार १९७९ च्या सप्टेंबरात नॉम पेन्हच्या वाट उनालोममध्ये सात जणांनी पुन्हा दीक्षा घेतली, तिथून सगळं नव्याने सुरू झालं. येयच्या यादीत आठ ओळी होत्या. आई, नवरा, थोरली बहीण, बहिणीचा नवरा, दोन भाऊ, एक मुलगी. आठव्या ओळीला आचारांनी ‘कोन’ एवढंच वाचलं. बाँग माझ्या कानात म्हणाले, बहिणीचं बाळ, नाव ठेवायच्या आधी गेलं.

या आठातल्या एकाचाही फोटो घरात नाही. नवरा ख्मेर रूजच्या आधीच्या लोन नोल सरकारच्या फौजेत होता, लग्नाच्या फोटोत गणवेशात उभा. तो फोटो येयने १९७५ मध्ये स्वतः चुलीत घातला. तरी नवऱ्याला नेलंच. हे तिने मला विडा लावता लावता सांगितलं, चुन्याची डबी शोधत.

दुपारी मी तिचे हात काढत होते. तिने हात मागे घेतले आणि बाँगना काहीतरी विचारलं. बाँग जरा अवघडून म्हणाले, ‘ती विचारते आहे, तू दोन दिवस हात, पाठ, पातेली काढते आहेस. तुला माणसाचा फोटो काढता येत नाही का? तिला नीट बसवून काढलेला हवा आहे. मोठा. तिच्या मयताच्या वेळी ठेवायला.’

मी गप्प राहिले. बाँगना मी कधीतरी त्या खुर्चीबद्दल बोलले होते. त्यांनी येयला ते सांगितलं असावं, कारण ती बराच वेळ ऐकत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली: ‘तिथे विचारत नव्हते. मी तुला सांगते आहे, काढ.’

घरात जाऊन ती कपडे बदलून आली. पांढरा लेसचा ब्लाउज, खांद्यावरून पांढरं उपरणं. तोंड धुऊन विडा थुंकून आली होती. भिंतीशी बसवणं मला नको होतं, म्हणून घराखाली, खांबांच्या मध्ये, हिरव्या शेताकडे पाठ करून बसवू म्हटलं. तिला ते पसंत पडलं नाही. फोटोच्या मागे शेत कसलं, म्हणाली. नातवाने निळी चादर आणून दोन खांबांना बांधली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती ताठ बसली. रिफ्लेक्टर म्हणून नुम आन्सॉमच्या परातीला मी पांढरा कागद लावला आणि तो धरायला तिची आठ वर्षांची पणती उभी राहिली.

मी पुढे झाले, ‘येय, बान ते?’ विचारलं, आणि दोन बोटांनी तिची हनुवटी किंचित खाली केली. किती वर्षांनी ते केलं. तोंडातून मराठीच आलं: ‘हं, आता इकडं बघा. श्वास धरा. हलू नका.’ ती हलली नाही. समोरून, सरळ, डोळे लेन्समध्ये. हसली नाही, आणि मीही हसा म्हटलं नाही. सहा फोटो काढले. चौथा तिने निवडला, कारण त्यात कान दोन्हीकडून सारखे दिसतात. बाबांची म्हातारी गिऱ्हाइकंही कानांवरून निवडायची.

माझ्याजवळ छोटा प्रिंटर होता, पण त्याचा कागद पोस्टकार्डाएवढा. तेवढा तिला चालणार नव्हता. सुट्ट्या संपल्यावर नॉम पेन्हला एका लॅबमध्ये दहा बाय बारा करून घेतला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं की सुरकुत्या काढू का, रेशमी पोशाख आणि मागे देऊळ लावून देऊ का. तिथे सगळेच करून घेतात. येयला विचारायला बाँगनी फोन लावला. सुरकुत्या राहू दे, म्हणाली, पण उपरण्यावर विड्याचा डाग आला असेल तर तो काढ. डाग होता. तो मी स्वतः त्यांच्या संगणकावर बसून काढला.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, त्यांच्या नववर्षाला, मी पुन्हा गावी गेले. भिंतीवर फोटो दिसला नाही. येयने मला आत नेलं, पत्र्याची पेटी उघडली, तळातून क्रामात गुंडाळलेलं पुडकं काढलं. फोटो तसाच नवाकोरा होता. तिने तो पालथा केला. मागच्या बाजूला कुणीतरी बॉलपेनने लिहायचा प्रयत्न केला होता, पण त्या चकचकीत कागदावर शाई धरली नव्हती. नुसत्या ओरखड्यांच्या ओळी होत्या. मी मोजल्या. आठ.

‘आचारांचं पेन चालत नाही,’ बाँग म्हणाले. ‘तुझ्याकडे काही आहे का, विचारते आहे.’

रंगीत कागद आला तेव्हापासून बाबा फोटोच्या मागे काळ्या मेणपेन्सिलीने लिहायचे. त्यांच्या टेबलाच्या खणातली उरलेली एक मी पिशवीत ठेवते. तिचं टोक कागद सोलून पुढे काढलं आणि बाँगना दिली. ते पेटीवर फोटो ठेवून लिहायला बसले, येय एकेक नाव सांगत गेली. आठवी ओळ झाल्यावर तिने पेन्सिल त्यांच्याकडून घेऊन माझ्या हातात दिली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फोटो काढल्याची तारीख तिला माझ्या हातची हवी होती. मी आकडे लिहिले, बाबा लिहायचे तसेच, जरा तिरके: १३-१०-२०२३.